एकादशीला आलेल्या भाकरी

माझी थोरली बहीण, अक्का, माघात गेली. त्यानंतरही मी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावत होते, पण त्यात श्रद्धा किती आणि सवय किती, हे मला सांगता आलं नसतं. अक्का दिवा लावायची तेव्हा घरात कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटायचं. मी लावायचे तेव्हा फक्त उजेड पडायचा. हात जोडून उभी राहिले की मनात एकही शब्द यायचा नाही, आणि मी निरांजन सरळ करून स्वयंपाकघरात निघून जायचे. चैत्रातल्या त्या एका दिवसाबद्दल लिहायला बसले आहे. मी सावकाश लिहिणारी बाई आहे, एकेक वाक्य दोनदा खोडते. पण या दिवसाची आठवण आली की माझ्या हाताला घाई होते आणि अक्षर तिरपं जाऊ लागतं, ते वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही दोघी शिरूरला एकत्र राहत होतो. अक्कानं लग्न केलं नाही. माझे यजमान लवकर गेले आणि मी तिच्याकडे आले ती कायमचीच. मी नोकरीभर एका ग्रंथालयात पुस्तकं लावली. माणसांपेक्षा मला पुस्तकांच्या पाठी जास्त ओळखीच्या. अक्का मात्र भीमेकाठच्या एका गावात प्राथमिक शाळेची शिक्षिका होती आणि निवृत्त झाली तरी त्या गावाची ‘बाई’च राहिली. बारशाला नाव काय ठेवावं, मुलीला नर्सिंगला घालावी का, म्हैस विकावी का, यासाठीसुद्धा तिला फोन यायचे. ती पोळीची कणीक भिजवायला बसली की आधी एक मूठ पीठ बाजूच्या डब्यात टाकायची आणि मग परातीला हात लावायची. तांदळाचंही तसंच. डबे भरले की ते अन्नबँकेत जायचे. मी तिला एकदा म्हटलं होतं, महिन्याचं एकदम देऊन टाक, सोपं पडेल. ती म्हणाली, “एकदम दिलं की विसरायला होतं गं. रोज मूठ काढली की रोज कुणाची तरी आठवण होते.”

ती गेल्यावर ते डबे तसेच भरलेले होते. ते पोचवायला मी केडगावला गेले. स्टेशनाजवळच्या एका जुन्या गोदामात ही अन्नबँक चालते. मला वाटलं होतं, दारात डबे ठेवायचे आणि परतीची एसटी पकडायची. पण आत गेले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी दिलेली डाळीची पोती होती, सणसवाडीच्या कारखान्यांतल्या कामगारांनी मिळून पाठवलेले तेलाचे डबे होते, आणि कोपऱ्यात घराघरांतून आलेली डबाभर, पिशवीभर पिठं. काही बाया बसून शिधा बांधत होत्या. पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, आणि वर गुळाचा एक खडा. धान्याऐवजी पीठ का देता, असं मी विचारलं, तर तिथलं सगळं बघणारी वैशाली म्हणाली, “वीटभट्टीवर गिरणी कुठे असते मावशी? आणि त्यांचं रेशन कार्ड गावाकडे, पोट इथे.” असे लोक भीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन्ही तालुक्यांत किती वाड्या-वस्त्यांवर आहेत, हे मी इतकी वर्षं इथे राहून पाहिलं नव्हतं. भट्टीवरची कुटुंबं, हंगाम संपून मागे राहिलेले ऊसतोडवाले, शेताच्या कडेच्या खोलीत एकटी उरलेली म्हातारी माणसं. वैशालीनं विचारलं, दर गुरुवारी याल का. मी हो म्हटलं. दुःखात दिवस भरून काढायला काहीतरी हवं असतं, त्याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

अन्नबँकेचा एक नियम मला पहिल्याच दिवशी सांगितला गेला. शिजवलेलं अन्न घ्यायचं नाही आणि द्यायचं नाही. उन्हाळ्यात अन्न नासतं, भुकेलं माणूस वास न घेता खातं, आणि मग भलतंच होऊन बसतं. म्हणून फक्त कोरडा शिधा. मला तो नियम पटला होता. आजही पटतो.

चैत्रात अवकाळी आला. सलग दोन दिवस वारा, गारा आणि पाऊस. शिरूरमध्ये आमच्या गल्लीतली झाडं पडली, लाइट गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैशालीचा फोन आला. अक्काच्याच शाळेच्या गावाजवळ, नदीच्या अलीकडे, एक वीटभट्टी आहे. तिथल्या अंगणवाडी सेविकेनं कळवलं होतं की कच्च्या विटांचा चिखल झालाय, काम बंद, आठवड्याची खर्ची बंद, मुकादम फिरकलेला नाही आणि माणसांच्या पोटात काही नाही. शिरूरच्या मार्केट यार्डाजवळ अन्नबँकेची एक खोली आहे, तिथे बांधलेला शिधा तयार होता. सकाळी रशीदभाई टेम्पो घेऊन येतील, तुम्ही बरोबर जाल का, असं ती विचारत होती. मी हो म्हटलं.

फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा वाजला. तो अक्काचा होता. तिचा मोबाइल मी अजून चार्ज करून ठेवत असे, का ते विचारू नये. आवाज तुटत होता, मागे वारा होता.

“बाई हायेत का? मी आप्पा बोलतोय, वस्तीवरनं.”

“मी त्यांची बहीण. आप्पा, अक्का गेली हो. माघातच गेली.”

पलीकडून तो म्हातारा म्हणाला, “आरं देवा. आमाला कुनी सांगितलंच न्हाई.” मी विचारलं, काही काम होतं का. “न्हाई न्हाई. असू द्या. सहज केलता,” एवढं म्हणून त्यानं फोन बंद केला.

त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि ते त्यानं गिळलं, हे मला स्पष्ट कळलं. मला इतकं भरून आलं, आणि मग इतका राग आला, की मी तशीच देवघरात गेले. दिवा लागलेला होता. मी हातही जोडले नाहीत. म्हटलं, “तिला नेलंस ना? आता लोक तिला विचारतायत. मला काही येत नाही. तिचं सगळं आता तूच कर.” मी देवाशी असं कधी बोलले नव्हते. माझीच मला भीती वाटली आणि मी पाटावरचा दिवा तसाच सोडून बाहेर आले.

सकाळी पाऊस थांबला होता. आकाश धुतल्यासारखं निळं. रशीदभाईंचा टेम्पो शिध्यानं भरला होता. शिरूरच्या जुन्या मंडईत त्यांच्या आजोबांपासून मालवाहतुकीचा धंदा आहे. बोलायला त्यांना समोरच्या माणसाचा होकारसुद्धा लागत नाही, आणि मला तेच बरं वाटतं. न्हावऱ्याच्या फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा ते टपरीवाल्याकडून परत येत म्हणाले, “मॅडम, काल ह्याच टपरीवर साबुदाणा हुता, आज परत साबुदाणाच. काल बी एकादस, आज बी एकादस. तुमच्या देवानं डबल ड्युटी लावली काय?”

मला हसू आलं. मी त्यांना सांगितलं, कधी कधी तिथी अशी येते की कॅलेंडरात पहिल्या दिवशी स्मार्त एकादशी छापतात आणि दुसऱ्या दिवशी भागवत. आपल्याकडे गावोगाव भागवत धरतात. अक्का सांगायची, दोन दिसल्या की आपली दुसरी.

“म्हंजी तुमच्यातबी चांद दिसला, न्हाई दिसला असं हाय,” रशीदभाई एकदम खूश होऊन म्हणाले. “मला वाटायचं ही भांडणं आमच्यातच.”

मी स्वतः अक्का गेल्यापासून एकादशी धरणं सोडलं होतं. पोळी-भाजी खाऊनच निघाले होते.

रस्ताभर ऊस आडवा झालेला, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा. भट्टीवर पोचलो तेव्हा मला आधी भट्टी दिसलीच नाही. जिथे विटांच्या रांगा असतात तिथे तांबडा गाळ पसरला होता. प्लॅस्टिकच्या पालांची छपरं फाटून बांबूंवर लोंबत होती. टेम्पो पाहून लोक पुढे आले, पण कुणी धावलं नाही. पोरं तर उठलीही नाहीत, हे मला नंतर फार जाणवलं. मी एकेका घराला शिधा देत गेले. परभणीकडची एक बाई होती, पारूबाई, कडेवर तान्ही मुलगी. तिनं पिठाची पिशवी उघडली, चिमूट घेऊन बोटांत चोळली, नाकाशी नेली.

“पीठ ताजं हाय, मावशी. लई चांगलं हाय,” ती म्हणाली. “आता पाण्यात कालवून प्यायचं का?”

तिनं मला हात धरून तिच्या पालात नेलं. चुलीत पाणी भरलेलं होतं. बाहेर रचलेलं पाचट आणि लाकडं पिळून काढावीत इतकी ओली. गोवऱ्यांचं शेण झालेलं. काडेपेटीचासुद्धा लगदा. सगळ्या पालांत हेच. कालच्या दिवसात पोरांच्या पोटात कुणा शेतकऱ्यानं दिलेल्या पडलेल्या कैऱ्या आणि मीठ, एवढंच गेलं होतं. पारूबाईची मुलगी छातीला लावली की दोन घोट ओढायची आणि रडायची. “अंगावर दूधच न्हाई,” ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि तो मला सहन होईना. आम्ही टेम्पोभर अन्न घेऊन आलो होतो आणि त्यातलं काहीही कुणाला खाता येत नव्हतं. मी पिशव्यांतले गुळाचे खडे काढून आधी पोरांच्या हातावर ठेवले. तेवढंच सुचलं.

रशीदभाईंनी डिझेल ओतून चूल पेटवून पाहिली. धूर झाला, डोळे चुरचुरले, जाळ काही धरला नाही. मी वैशालीला फोन लावला. गॅसची शेगडी आणि मोठी पातेली केडगावहून यायला संध्याकाळ होणार होती, कारण नदीपलीकडे रस्त्यावर विजेचे खांब आडवे पडले होते. संध्याकाळ. मी त्या पोरांकडे पाहिलं. रशीदभाई म्हणाले, “मॅडम, गावात सप्ता चालू हाय. रस्त्यावरनं भोंगा ऐकला मी. भटारखाना पेटलेला असंल. चला, मागून बघू.”

कुणापुढे हात पसरणं मला कधी जमलं नाही. पण पारूबाई तिथे उभी होती. “येतो आम्ही,” एवढंच मी तिला म्हटलं आणि टेम्पोत चढले.

अक्काच्या शाळेचं ते गाव जवळच. मारुतीच्या देवळापुढे मांडव होता, अर्धा वाऱ्यानं वाकलेला. देवळामागे चुली पेटल्या होत्या. हनुमान जयंतीच्या सप्ताहाची त्या गावात एक पद्धत आहे, अक्का सांगायची म्हणून मला ठाऊक होती. आमटी, भात वगैरे देवळात शिजतं, पण भाकरी वाड्या-वस्त्यांवरून येतात. रोज एका वस्तीचा वार. बारशीच्या पंगतीचा, म्हणजे एकादशीचा उपवास सोडायचा, मान नदीकाठच्या एका लांबच्या वस्तीला. आज मात्र गावाची एकादशी, म्हणून चुलीवर भगर होती आणि एका मोठ्या पातेल्यात शेंगदाण्याची आमटी उकळत होती. तिथल्या माणसाला मी भट्टीचं सांगितलं. तो भला होता, पण त्यानं पातेल्यात डाव फिरवून दाखवला. “आमटी लागंल तेवढी न्या, मॅडम. पाणी वाढवतो, दाणे हायेत. पर नुसत्या आमटीनं काय व्हनार? भगर मोजकीच हाय, वारकरी बसलेत. कनीक-पीठ आज देवळात न्हाईच. एकादस हाय न्हवं.”

मी मागे वळले, आणि तेवढ्यात ट्रॅक्टर आला.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नऊवारी नेसलेल्या बाया बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध धुतलेल्या पांढऱ्या धोतरांत बांधलेल्या भाकरींच्या चळती होत्या. उंच, एकीला एक टेकलेल्या. त्यांतून वाफ येत होती. ज्वारीच्या ताज्या भाकरीचा वास सगळ्या अंगणात पसरला आणि मांडवातला टाळ क्षणभर थांबला. पुढे पटका बांधलेला एक म्हातारा मोठ्या ऐटीत उतरला. आणि मग जे सुरू झालं ते असं.

“आप्पा, ह्ये काय आनलंत?”

“डोळं फुटलं का तुजं? भाकरी. बारशीचा वार आमचा न्हाई का?”

“आवं बारस उद्या! आज एकादस हाय.”

“एकादस काल झाली. कॅलेंडरात छापलीय. वाचता येतंय मला.”

“मोठं अक्षर वाचलं, बारीक न्हाई वाचलं. स्मार्त लिवलंय तिथं, स्मार्त. आपली आज.”

कुणीतरी हसत विचारलं, “मग आप्पा, उपास सोडला का काय सकाळी?” आप्पांच्या आधी ट्रॉलीतली त्यांची सूनच म्हणाली, “सोडला की. चटनी-भाकर खाऊन आलोय आमी समदी.” त्यावर मांडवात जो हशा उठला त्यात टाळकरीही होते. पण त्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ओढ्याला पाणी आल्यानं दोन दिवस त्यांच्या वस्तीचा गावाशी संबंध तुटला होता. गावात आज कुठला दिवस चाललाय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. पाणी उतरणार म्हणून पहाटेच उठून, घरात जपून ठेवलेल्या कोरड्या सरपणावर सगळ्या बायांनी मिळून भाकरी थापल्या होत्या. “आता ह्या कुठं घालायच्या?” ती म्हणाली. “उद्याच्याला शिळ्या वाढता येत न्हाईत. गुरांम्होरं टाकायच्या का?”

मी आयुष्यात कधी चारचौघांत बोलले नाही. ग्रंथालयात तर शांतता राखा असं मीच लोकांना सांगायचे. पण त्या क्षणी मी गर्दीतून वाट काढत ट्रॉलीपाशी गेले आणि माझाच आवाज मला ऐकू आला, चांगला मोठा.

“या भाकरी मला द्या.”

मी भट्टीचं सांगितलं. भिजलेल्या चुली, कोरडं पीठ, कैऱ्या खाऊन झोपलेली पोरं. श्वास न घेता सांगितलं. आप्पांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

“तुमी कोन म्हनायच्या?”

“मी बाईंची बहीण.”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची सगळी ऐट उतरली. त्यांनी पटका काढून हातात घेतला. “काल फोन मीच केलता,” ते म्हणाले.

“हो आप्पा. तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं. काय होतं ते?”

“ह्येच की. कॅलेंडरात दोन-दोन दिसतंय, एकादस आजची का उद्याची? असा घोळ झाला की बाईंनाच इचारायचो मी, किती वरसं. बांधावर चढून रेंज धरली आन् फोन लावला. तुमी म्हनला बाई गेल्या, मग मला तोंडातनं शब्दच फुटंना. अशा टायमाला एकादस काय इचारायची? म्हनलं, जाऊ दे, आपुनच बघू.”

मी ट्रॉलीच्या फळीला धरून उभी राहिले. अक्का असती तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं, आप्पा, दोन दिसल्या की आपली दुसरी. आणि त्या पहाटे त्या वस्तीवर एकही भाकरी थापली गेली नसती. मी त्यावर काही वाद घालत नाही. ओढा, रेंज, कॅलेंडर, म्हाताऱ्याचा संकोच, सगळ्याला आपापलं कारण आहे आणि मला ती कारणं मान्य आहेत. मी फक्त एवढंच सांगते की त्या भाकरी माझ्यासमोर होत्या, त्यांना गावात त्या दिवशी हात लावणारं कुणी नव्हतं, आणि त्या गरम होत्या.

“मॅडम, रडा नंतर,” रशीदभाई मागून म्हणाले. “भाकरी निवायल्यात.”

मग काय गडबड उडाली. टेम्पोतला उरलेला शिधा एका बाजूला सारून चळती चढवल्या. भटारखान्यातल्या माणसानं आमटीचं पातेलंच आमच्यात ठेवलं आणि वर ठेच्याचा डबा. आप्पांच्या सुनेनं पदर खोचला, “आमीबी येनार. केलेल्या भाकरी दुसऱ्याच्या हातानं वाढायच्या व्हय?” म्हणत ती आणि आणखी दोघी आत चढल्या. मला अन्नबँकेचा नियम आठवला तो टेम्पो सुरू झाल्यावर. मी घाबरत वैशालीला फोन केला. शिजलेलं आहे, आजच पहाटेचं आहे, आमटी आत्ता चुलीवरून उतरवलेली आहे, देऊ का?

“मावशी, आधी वाढा,” ती म्हणाली. “विचारा मग.”

भट्टीवर आम्ही पोचलो तेव्हा या वेळी पोरं उठली. वासानं उठली. पारूबाईच्या हातात मी पहिली भाकरी ठेवली, वर आमटी ओतली. तिनं आधी मोडून शेजारच्या दोन पोरांना दिली, मग उरलेली स्वतः उभ्या उभ्याच खाल्ली. सगळ्या भट्टीवर फक्त खाण्याचा आवाज होता, आणि तो आवाज मी याआधी कधी ऐकलाच नव्हता असं मला वाटलं. देवळात घंटा, टाळ, आरती सगळं ऐकलं होतं. हे नाही. बऱ्याच वेळानं पारूबाईनं मान वर केली आणि आप्पांच्या सुनेला म्हणाली, “भाकर झ्याक हाय, वैनी. आमटीत मीठ कमी हाय.”

“एकादशीची आमटी हाय ती,” सून म्हणाली. “सैंधव घातलंय. आन् जेवायला बोलावलं तर नावं कसली ठेवतीस?”

दोघी हसल्या. मग सगळेच हसले. रशीदभाई तर डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांनी आणि मी एकाच चळतीतली भाकरी मोडून खाल्ली. भाकरी सरल्या नाहीत. दुपारची सोय म्हणून प्रत्येक पालात दिल्या. परत जाताना आप्पांनी ट्रॅक्टरनं देवळातली कोरडी लाकडं आणि गोवऱ्या आणून टाकल्या. संध्याकाळी केडगावची शेगडी पोचायच्या आधीच भट्टीवरच्या चुली पेटल्या होत्या आणि त्यांच्यावर अन्नबँकेच्या पिठाच्या भाकरी भाजल्या जात होत्या, असं मला अंगणवाडी सेविकेनं फोनवर सांगितलं. पारूबाईची मुलगी पोटभर पिऊन झोपली होती, हेही तिनं न विचारता सांगितलं.

घरी आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि देवघरात गेले. आदल्या संध्याकाळी मी जिथे उभी राहून रागानं बोलले होते तिथेच उभी राहिले. काय बोलले होते ते शब्दन् शब्द आठवलं. मला काही येत नाही, तिचं सगळं आता तूच कर. किती पोथ्या, किती प्रवचनं मी वाचली, त्यांत शरण जाणं म्हणजे काय याचं विवेचन वाचता वाचता पानं दुमडून ठेवली. ते शब्द माझ्या तोंडून निघाले तेव्हा मी भांडत होते. तरीही ते ऐकले गेले, असं मला वाटतं. कदाचित गोड आवाजात म्हणायची अटच नसते. मी दिवा लावला. त्या दिवशी फक्त उजेड पडला नाही. मी किती तरी वेळ बसून राहिले आणि अक्काला, त्या बायांच्या पोळलेल्या बोटांना, त्या पंचांगाला, त्या ओढ्याला, सगळ्यांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी गावात खरी बारस होती. आप्पांच्या वस्तीला पुन्हा भाकरी थापाव्या लागल्या. दळण आदल्या दिवशीच संपलं होतं, तर गावानं घराघरांतून पीठ दिलं, आणि थापायला भट्टीवरच्या बायाही गेल्या. पारूबाईनं आमटीच्या मिठाचं बघायचं काम स्वतःकडे घेतलं म्हणे. पंगतीत सगळे शेजारी शेजारी बसले.

मी अजूनही गुरुवारी अन्नबँकेत जाते. नियमही तोच आहे, कोरडा शिधाच. फक्त वैशालीनं आता प्रत्येक पावसाळी शिध्यात प्लॅस्टिकमध्ये बांधलेली काडेपेटी घालायला सुरुवात केली आहे आणि टेम्पोत एक शेगडी कायम असते. रोज कणीक भिजवण्याआधी मी एक मूठ बाजूला काढते. अक्का म्हणायची ते खरं आहे, रोज कुणाची तरी आठवण होते.

तिचा मोबाइल मी अजून चार्ज करते. आता त्याला कारण आहे. परवा संध्याकाळी तो वाजला. मागे वारा होता, म्हणजे म्हातारा बांधावर चढला असणार.

“बाई, एकादस कवाची वो?”

मला कुणी बाई म्हणायची ती पहिलीच वेळ. मी चष्मा लावला, भिंतीवरच्या कॅलेंडरातली मोठी अक्षरं वाचली, मग बारीक अक्षरं वाचली. “उद्याची, आप्पा. एकच आहे या खेपेला.”

“नक्की नव्हं? न्हाईतर परत भाकरी व्हत्याल.”

“झाल्या तर होऊ द्या,” मी म्हटलं.